समामधला गढूळ समुद्र

माझ्या गावाला समुद्र नाही. बडोद्यालाही नाही. तरी आजवर माझं पोट समुद्रावरच चालत आलं आहे. लोकांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाक्या उभ्या करून द्यायच्या आणि मग त्या जगवायच्या, हे माझं काम. आता गुडघे कुरकुरतात म्हणून जिने चढणं कमी केलंय, पण फोन चालूच असतात. त्यातल्या बहुतेक फोनचं पहिलं वाक्य एकच असतं: ‘दिलीपभाई, पाणी गढूळ झालंय.’

मी तळोद्याचा. वडील शिंपी. आमच्या सगळ्या भाऊबंदांत कॉलेजात गेलेला मी पहिला. शाळेत जीवशास्त्राच्या सरांनी डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बघायला लावला होता. आत एवढी लगबग होती की मला आमचा आठवडी बाजारच आठवला. त्या एका थेंबापायी मी प्राणिशास्त्र घेतलं, आणि त्याबद्दल सरांचे उपकार मी आजही मानतो. पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका लंगडणारी शेळी घेऊन दारात उभे राहिले. प्राण्यांचं शिकलेल्या मुलाला शेळीचा पाय कळत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

प्रयोगशाळेत नोकरी मिळेल म्हणून बडोद्याला आलो. मिळाली कारेलीबागेत, शोभेच्या माशांच्या दुकानात. घरी फोन करून सांगितलं, माशांच्या दुकानात लागलोय. वडिलांनी फोन आईकडे दिला. तिने हळूच विचारलं, ‘कापून पण द्यावे लागतात का रे?’

दुकानाच्या मालकांनी मला धंदा शिकवला, आणि या शहराने मला सांभाळून घेतलं. समुद्र मात्र मी नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला. जंबुसरच्या पुढे खंभातच्या आखाताकाठी दुकानातली मंडळी सहलीला गेली होती. तोवर टाक्यांमागे चिकटवायच्या निळ्याशार पोस्टरातच मी समुद्र पाहिला होता. समोरचा समुद्र दूध घातलेल्या चहासारखा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘याचा फिल्टर बंद पडलाय वाटतं.’ आजही दुकानातली जुनी माणसं भेटली की मला हे वाक्य ऐकवतात.

बडोद्याजवळच्या छाणीच्या एका कारखानदाराला आखाताचं पाणी गढूळ असतं हे कोणी सांगितलं नसावं. मी त्यांना मीठ मिसळून पाणी तयार करतो म्हटल्यावर त्यांना ती भेसळ वाटली. ‘असल माल लावुं,’ अस्सल माल आणतो, असं म्हणून ते त्याच आखातातलं पाणी पिंपांत भरून टेम्पोने घेऊन आले. टाकीत ओतल्यावर आतली मागची काच दिसेना. मी म्हटलं, शेठ, हा समुद्र नाही, मही नदीचा गाळ आहे. ते म्हणाले, बसेल. बसला. टाकीचा तळ भरून वीतभर चिखल बसला, आणि त्यात पुढे कधीतरी त्यांच्या सूनबाईंनी मनीप्लँट लावला. तो छान आला आहे.

नवीन मंडळींसाठी धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो. नव्या टाकीचं पाणी दोन प्रकारे गढूळ होतं. पहिलं वाळूचं. वाळू नीट धुतली नसेल, मीठ नीट विरघळलं नसेल, तर पाणी पिठासारखं दिसतं. ते आपोआप खाली बसतं. दुसरं जिवाणूंचं. नव्या पाण्यात जिवाणू एकदम वाढतात आणि पाणी दुधाळ होतं. पुढे माशांची घाण पचवणारे दुसऱ्या जातीचे चांगले जिवाणू वाळूत आणि दगडांत घर करतात, आणि पाणी निवळतं. तोवर मासे सोडायचे नाहीत. दोन्हींवर औषध एकच: काही करायचं नाही. थांबायचं.

आणि माझ्या धंद्यात हेच सगळ्यात अवघड काम. गिऱ्हाईक टाकी विकत घेतं, दगड घेतं, दिवे घेतं, पण थांबायला तयार होत नाही. कोणी सगळं पाणी बदलतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एका निवृत्त पाणीपुरवठा अधिकाऱ्यांनी तुरटी फिरवली. मी हात जोडले तर म्हणाले, ‘अर्ध्या शहराचं पाणी मी निवळलंय, तुमच्या टाकीचं काय घेऊन बसलात.’ शहराच्या पाण्यात मासे सोडायचे नसतात, हे मी त्यांना कसं सांगणार.

पण ज्या टाकीने मला खरा घाम फोडला ती शिर्क्यांची.

शिर्के कुटुंब समा भागातल्या एका सोसायटीत राहतं. शिर्केकाकांचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. काका स्वतः विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि घरात ते फारसं बोलत नाहीत, कारण तशी गरज पडत नाही. शिर्केकाकू बोलतात. मुलगा निखिल अभियंता. त्याने जामनगरच्या हेतलशी लग्न केलं. लग्न दोन्ही घरांच्या संमतीने, थाटात झालं. गोड मुलगी. काकूंचं आणि तिचं पहिल्या महिन्यापासून जमलं.

जमलं नाही ते हेतलच्या वडिलांशी. हसमुखभाईंचा समुद्राकाठच्या जामनगरला पितळी सुट्या भागांचा कारखाना. हेतलची आई नाही. लेकीला बघायला ते एकटेच एवढ्या लांबून यायचे, दिवाणखान्यात बसायचे, तास-दोन तास गप्पा मारायचे आणि तहान लागली की आपल्या पिशवीतून आपली बाटली काढून पाणी प्यायचे. जेवायला बाहेर हॉटेलात जायचे. जुन्या चालीचे गुजराती वडील लेकीच्या सासरचं पाणीही घेत नाहीत, ही त्यांची पाळलेली रीत. त्यात राग नाही, अपमान नाही.

काकूंना हे माहीत होतं. त्या बडोद्यातच जन्मल्या. ‘आमच्यातही नातवंड होईपर्यंत लेकीकडे जेवत नसत,’ त्या मला म्हणाल्या. ‘पण ते जेवणाचं. पाण्याचं कुठे असतं हो? माझ्या घरात एक माणूस एवढा प्रवास करून येतो आणि तहानलेला बसतो. मला घास उतरत नाही.’

एकदा त्यांनी फारच आग्रह केला तेव्हा हसमुखभाई हसत म्हणाले होते, ‘वेवाण, तमारा बडोदामां दरियो आवे ते दि’ पाणी पीश.’ वेवाण म्हणजे विहीणबाई. तुमच्या बडोद्यात समुद्र येईल त्या दिवशी पाणी पिईन.

त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं. काकूंनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

मी गेलो, जागा पाहिली, भिंतीवर ऊन येत नाही ना पाहिलं. काकूंनी एकच अट घातली. उत्तरायणाला हसमुखभाई येणार होते. सुनेची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू. त्या दिवशी घरात समुद्र पाहिजे. स्वच्छ, निळा, मासेवाला. मी हिशोब करून हो म्हटलं. दिवस पुरेसे होते, आणि माझा माझ्या शिक्षणावर विश्वास होता.

टाकी उभी राहिली. वाळू मी स्वतः धुतली, तरी पहिल्या दिवशी पाणी पिठूळ झालं. काकूंनी फोन केला. मी म्हटलं, बसेल. बसलं. मग पाणी दुधाळ झालं. काकूंनी फोन केला. मी म्हटलं, काही करू नका. तळहाताएवढ्या जागेत तीन भाज्या शिजवणारी बाई ती. काही न करणं म्हणजे नेमकं काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं.

म्हणून मी गेलो आणि त्यांना करण्यासारखं एक काम दिलं. इथे माझी विद्या आड आली. टाकीतलं पाणी दिव्याने, पंख्याने उडत राहतं. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून जेवढं पाणी कमी झालं असेल तेवढं रोज गोडं पाणी घालायचं. हे मी काकूंना मराठीत सांगत होतो आणि शेजारी हेतल उभी होती. ‘गोडं पाणी’ म्हटलं तर तिला साखरेचं वाटेल, अशी मला शंका आली. गुजरातीत गोड्या पाण्याला ‘मीठुं पाणी’ म्हणतात. दोघींना एकदम कळावं म्हणून मी म्हटलं, ‘काकू, जेवढं पाणी कमी होईल तेवढं रोज मीठुं पाणी घालायचं.’

बडोद्यात आम्ही असंच बोलतो. अर्धं वाक्य घरचं, अर्धं बाजारातलं. इतकी वर्षं त्यात कोणाचं काही अडलं नव्हतं.

दुधाळपणा ओसरला. एका सकाळी काकूंनी फोटो पाठवला, दगडांवरची जांभळी नक्षीसुद्धा दिसत होती. मी मनात म्हटलं, आता मासे आणायला हरकत नाही. आणि दोन दिवसांत पाणी पुन्हा पांढरं व्हायला लागलं.

हे पुस्तकात नव्हतं. मी फिल्टरचा कापूस बदलला. कोळसा घातला. दगड उचलून वास घेतला. पंप उघडून पाहिला. दर फेरीला पाणी आधीपेक्षा पांढरं. हसमुखभाईंचं रेल्वेचं तिकीट निघालं होतं, आणि काकू रोज मला त्याची आठवण करून देत होत्या. काका एकदाच बोलले. वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, ‘ताक झालंय.’ आणि खरंच तसं दिसत होतं.

मग मला टाकीच्या कडेला पांढरा खडबडीत पापुद्रा दिसला. मी खारेपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली. ती बुडायला हवी तेवढी बुडाली नाही. नुसती वर तरंगत राहिली. मृत समुद्रात माणसं पेपर वाचत तरंगतात म्हणे, तशी.

‘काकू,’ मी म्हटलं, ‘टाकीत काय घालता?’

‘तुम्ही सांगितलंत तेच.’

‘म्हणजे काय?’

‘मीठ-पाणी.’

हेतल ऑफिसला निघाली होती, दारातूनच म्हणाली, ‘मम्मी, मीठुं पाणी.’

‘अगं, तेच तर घालते. दोन मुठी मीठ आणि तांब्याभर पाणी. सकाळी देवपूजा झाली की लगेच. आणि साधं मीठ नाही हं दिलीपभाई, आयोडीनचं.’

‘मीठुं एटले गळ्युं, मम्मी. खारुं नहीं.’

काकूंनी सुनेकडे पाहिलं. ‘मग मिठाला तुमच्यात काय म्हणतात?’

हेतलने तोंड उघडलं, थांबली, आणि फार नाइलाजाने म्हणाली, ‘मीठुं.’

‘बघा,’ काकू मला म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांनी मला, गुजराती भाषेला आणि प्राणिशास्त्राला निकालात काढलं.

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. जी भाषा मिठालाही मीठुं म्हणते आणि गोडालाही मीठुं म्हणते, तिचा शब्द मराठी वाक्यात मध्येच ठेवला तर मराठी माणूस मीठच ऐकणार. त्यात टाकी खाऱ्या पाण्याची. आल्या-गेल्याला मिठाचा चहा पाजायचा नसतो, तसं समुद्रात गोडं पाणी घालायचं नसतं, असं त्यांना वाटलं तर नवल नाही. पांढरेपणाचं कारणही तेच. पावसाळ्यात गोळा होऊ नये म्हणून घरच्या मिठात एक भुकटी मिसळतात. ती विरघळत नाही. ती रोज थोडी थोडी साचत गेली, आणि आता तीच टाकीत तरंगत होती. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना फक्त ‘आरओचं पाणी’ सांगतो. त्या दोन अक्षरांना मराठीतही दुसरा अर्थ नाही आणि गुजरातीतही नाही.

आता दुरुस्ती. थोडं थोडं पाणी काढून थोडं थोडं नवीन घालायचं. घाई केली तर वाळूतले चांगले जिवाणू मरतात. मी काकूंना सांगितलं की उत्तरायणापर्यंत पाणी पूर्ण निवळणार नाही, आणि मासे तर नाहीच नाही.

मग त्यांनी निदान दोनच मासे सोडा म्हणून विनवलं, पाहुणे गेल्यावर परत घेऊन जा. मी म्हटलं, काकू, त्या पाण्यात ते पाहुणे जाईपर्यंत टिकणार नाहीत. त्यांनी प्लास्टिकच्या माशांबद्दल विचारलं. मग त्यांनीच ‘नको’ म्हटलं. दाराशी मला सोडायला आल्या आणि म्हणाल्या, ‘ते हसतील हो. हसून बाटली काढतील. मी काय बोलणार?’

मला घरी जेवण गेलं नाही. पदवी घेऊन मी या बाईला एक स्वच्छ टाकी देऊ शकलो नव्हतो.

उत्तरायणाच्या दिवशी काकूंनी मला बोलावलंच. समुद्राबद्दल कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला माणूस हवा म्हणून. सगळ्या समामध्ये गच्च्यांवर आरडाओरडा, कर्णे, पतंग. निखिल वर गच्चीवर. खाली दिवाणखान्यात टाकीवर काकूंनी चादर घातली होती आणि तिच्यासमोर तिळगुळाचं ताट मांडलं होतं. हेतल हलव्याचे दागिने घालून काळ्या साडीत बसली होती. तिचे वडील सोफ्यावर, पिशवी पायाशी. त्यांनी लेकीचे दागिने बोट लावून पाहिले, हे खातात का म्हणून विचारलं, आणि तिने हो म्हटल्यावर फार वेळ तिच्याकडे बघत राहिले.

मग त्यांचं लक्ष चादरीकडे गेलं. ‘आ शुं ढांक्युं छे?’

हेतलने उठून चादर काढली.

पाणी पहिल्यापेक्षा बरं होतं. ताकाऐवजी आता ताकाच्या वरच्या निवळीसारखं होतं. आत पांढरट धुक्यात दोन दगड. मासा एकही नाही. दिवा मात्र झकास निळा लागला होता.

‘दरियो,’ काकू म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं मला दिसत होतं.

हसमुखभाई उठले. चष्मा काढून काचेला नाक लावलं. मी वाट पाहत होतो की ते आता हसतील. ते हसले नाहीत. किनाऱ्यावर वाढलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. झाकण सरकवलं, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि तोंडात घातली.

त्यांचा सगळा चेहरा आवळला.

‘वेवाण,’ ते कसेबसे म्हणाले, ‘आमां मीठुं वधारे पडी गयुं.’

आमटीत मीठ जास्त झालं असं पाहुण्याने तोंडावर सांगावं, तसा काकूंचा चेहरा झाला. पण क्षणभरच.

‘पडलं,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुम्ही चाखलंत.’

‘चाख्युं,’ हसमुखभाई म्हणाले, आणि मग ते काय बोलले ते त्यांच्या ध्यानात आलं.

हेतल ओठ दाबून बसली होती. ‘पप्पा, पाणी पेटमां गयुं.’

‘पीधुं नथी. चाख्युं छे.’

‘समुद्र गढूळ आहे, मासे नाहीत, हे सगळं मला मान्य,’ काकू म्हणाल्या. ‘हा समुद्र नव्हे असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा. मी परत विचारणार नाही.’

हसमुखभाईंनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदवीधर माणूस, मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा टाकीकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं. पण ते जामनगरचे होते.

‘ना,’ ते म्हणाले. ‘दरियो तो आवो ज होय. चोख्खो तो फोटामां होय.’ समुद्र असाच असतो, स्वच्छ तर फोटोत असतो.

तोंड खारट झालेलं होतंच. काकूंनी ताट उचलून पुढे केलं. हसमुखभाईंनी एक तिळगूळ घेतला, खाल्ला, दुसरा घेतला, आणि तीळ घशात अडकून त्यांना ठसका लागला. सवयीने त्यांचा हात पायाशी पिशवीकडे गेला. बाटलीचं टोपण हाताला लागलं होतं. हात तिथेच थांबला आणि रिकामाच वर आला.

‘पाणी आपो, वेवाण.’

काकू आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. बाहेर हसमुखभाई खोकत होते म्हणून हेतल बघायला गेली, तर त्या ओट्याशी उभ्या राहून ग्लास पुसत होत्या. पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसत होत्या. हेतलने माठातून पाणी भरलं, पण बाहेर घेऊन काकूच आल्या.

हसमुखभाईंनी उभ्या उभ्या, एका दमात ग्लास रिकामा केला. काका वर्तमानपत्र बाजूला ठेवून बघत होते. निखिल मांजा बोटाला गुंडाळलेला, जिन्यात येऊन थबकला होता. हसमुखभाईंनी ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली, आणि हेतलकडून कधी उचलला होता कोण जाणे, असा एक मराठी शब्द नीट जुळवून म्हणाले,

‘सारुं छे, वेवाण. पण आ जरा अळणी छे.’